वीरगळाची तळची चौकट : युद्धाचे भय आणि ठशांची कला
बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांचा मुलूख म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचा जुना प्रदेश. कोळारसारख्या खेड्यापासून बसवकल्याणपर्यंत कन्नड आणि मराठी ह्या दोन्ही भाषा येथे शतकानुशतके एका ओसरीवर बसत आल्या आहेत. ज्या एका वस्तूला ह्या दोन्ही भाषांनी जवळजवळ एकच नाव दिले, ती म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा. कन्नडात तिला वीरगल्लु म्हणतात, मराठीत वीरगळ. देवळाच्या आवारात, वेशीपाशी, तळ्याच्या काठी ती उभी असते. जाता-येता आपण तिला नमस्कार करतो, कोणी तिला शेंदूरही फासतो. परंतु तिच्यावर काय कोरले आहे आणि कोणत्या क्रमाने कोरले आहे, ह्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

तो क्रम मोठ्या विचाराने ठरविलेला आहे. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत बहुधा पडलेला वीर असतो, कित्येकदा ज्यांच्यासाठी तो लढला ती गुरेही असतात. तिच्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची लढाई चाललेली असते. त्याहून वर अप्सरा त्या वीराला दोहो बाजूंनी धरून स्वर्गास नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. ते जोवर आहेत तोवर ही कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप वर चढते. मृत्यू पायथ्याशी राहतो आणि मन कैलासापाशी विसावते.

हीच रचना सह्याद्रीखाली कोकणातही आढळते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या गलबतांचे युद्ध कोरले आहे. शिलाहार आणि यादव ह्यांच्यातील तेराव्या शतकातील झुंजीशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. गोव्यातही कदंबकालीन नाविक युद्धाचे वीरगळ मिळाले आहेत. खाली समुद्र आणि माणसांचा नाश, वर शिवाचे सान्निध्य, हा नेम तेथेही मोडलेला नाही. आपल्या पूर्वजांनी युद्धाचे भय झाकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी ते कोरले, परंतु त्यावर सांत्वनाच्या दोन-तीन पायऱ्या रचल्या.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी, की कोणी त्या शिळेच्या वरच्या चौकटी काढून घेतल्या आणि केवळ तळची चौकट आपल्यापुढे ठेवली. अप्सरा नाहीत, कैलास नाही. पडलेला मनुष्य आहे आणि त्याच्याकडे पाहणारे आपण आहोत. गेल्या दोन-अडीच शतकांत ठशांच्या कलेने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर, लाकडावर वा लिनोलियमवर कोरून कागदावर छाप घेण्याच्या कलेने, नेमके हेच काम केले. ते तिने कसे केले, आणि आपल्या लोकांशी त्याचा काय संबंध, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

ठसा आपल्याला परका नाही. आपल्या देवघरांतील पुष्कळशा तसबिरी ही शिळाछाप चित्रेच होत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. एकेका रंगासाठी वेगळी शिळा वापरून, रंगावर रंग चढवून ही चित्रे सिद्ध होत. त्यांतही युद्ध आहे. ‘जटायुवध’ ह्या चित्रात रावणाचा खड्गाचा घाव पडला आहे, पंख तुटला आहे आणि सीतेने तोंड झाकून घेतले आहे. परंतु तो प्रसंग पुढे कोठे जाणार हे आपल्याला ठाऊक असते. वरच्या चौकटी चित्रात नसल्या तरी त्या आपल्या मनात असतात. रामाच्या हातून जटायूला मिळणारी सद्गती आपण मनानेच त्या चित्रावर रेखाटतो. रंगांची मृदुता आणि देहांची गोलाई त्यास साहाय्य करते.

भयाचे काम करणाऱ्या ठशांनी बहुधा रंग टाकून दिला आणि काळ्या-पांढऱ्यावरच भिस्त ठेवली. त्यांतील तांब्याच्या पत्र्याचे तंत्र बीदरच्या वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याचे भावंड त्याच्या घरात आहे. बिदरीचा कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर मोरचूद चोळून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतो, म्हणजे टाकीची रेघ उजळ दिसते. मग त्या कोरीव रेघेत तो चांदी ठोकून बसवितो, आणि अखेरीस किल्ल्यातील माती व नवसागर ह्यांच्या योगाने भांडे कायमचे काळे होते, चांदी मात्र शुभ्र राहते. ठशाचा कारागीरही पत्र्यावर मेण-राळेचा लेप देतो, मेणबत्तीच्या धुराने तो काळा करतो आणि सुईने रेघा ओढतो. जेथे लेप निघाला तेथे तेजाब तांबे खातो. जितका वेळ पत्रा तेजाबात राहील तितकी रेघ खोल जाते. त्या खोल रेघेत तो शाई भरतो, वरची शाई पुसून काढतो आणि ओलसर कागद दाबून छाप घेतो. बिदरीतील रेघ चांदीने भरली जाते, ठशातील रेघ काळ्या शाईने. ठशाचे चित्र कागदावर उलटे उमटते, आणि एका पत्र्यातून शेकडो छाप निघू शकतात. वीरगळ एका गावी एका जागी उभा राहतो. ठसा घरोघर जातो.

ह्या तंत्राने युद्धाची दुःखे सांगणारा पहिला मोठा कारागीर फ्रान्सच्या सीमेवरील लोरेन प्रांतातला झाक कालो हा होय. फ्रान्सच्या राजाने १६३३ मध्ये लोरेनची राजधानी नान्सी हस्तगत केली. त्याच साली कालोची अठरा ठशांची मालिका निघाली. प्रत्येक ठसा वीतभर लांब आणि चार-पाच बोटे उंच. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध ठशात मध्यभागी एक मोठे झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना वीसहून अधिक माणसे फळांसारखी लोंबत आहेत. भोवताली सैनिक शिस्तीने उभे आहेत, रचना तोललेली आहे, रेघ अत्यंत बारीक आणि स्वच्छ आहे. भय निर्माण होते ते ह्या नीटनेटकेपणातूनच. संहार हा एखाद्या समारंभासारखा मांडलेला दिसतो. तथापि कालोची मालिका संपते ती राजाच्या दरबारात, जेथे शूरांना बक्षिसे वाटली जातात. लूटमार करणाऱ्यास शासन आणि शूरास सन्मान, अशी त्याची वरची चौकट अद्याप शाबूत आहे.

ती चौकट फोडली स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने. नेपोलियनच्या फौजा १८०८ मध्ये स्पेनमध्ये शिरल्या आणि पुढे १८१४ पर्यंत तो देश जळत राहिला. गोयाने सुमारे १८१० ते १८२० ह्या काळात ‘युद्धाचे अनर्थ’ ही मालिका कोरली. तिच्यातील ऐंशी ठसे पुढे प्रसिद्ध झाले, परंतु ते त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ मध्ये. सव्विसाव्या ठशाचे नाव ‘पाहवत नाही’ असे आहे. एका गुहेसारख्या काळोखात बायका-पुरुष गुडघ्यांवर आहेत, कोणी हात जोडले आहेत, कोणी तोंड झाकले आहे. मारणारे कोठेच नाहीत. चित्राच्या उजव्या कडेतून केवळ संगिनींची टोके आत आली आहेत. पंधराव्या ठशातही खांबाला बांधलेल्या, डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाकडे रोखलेल्या बंदुकांच्या नळ्या तशाच कडेतून डोकावतात. मारेकऱ्याचा चेहरा न दाखविल्यामुळे पाहणाऱ्याला राग ठेवावयास जागा मिळत नाही. त्याची दृष्टी पुन्हा पुन्हा त्या गुडघे टेकलेल्या माणसांवरच परतते.

येथे तंत्र आणि रचना वेगळी काढता येत नाहीत. गोया पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती तापवीत असे. तेजाब त्या कणांच्या मधली जागा खाई आणि कागदावर दाणेदार काळोख उमटे. कालोच्या चित्रांत दूरवर डोंगर, घरे, आकाश दिसते. गोयाच्या कित्येक ठशांत मागे काहीच नाही, एकतर हा दाणेदार अंधार अथवा कोरा कागद. पळून जावयाची वाट नाही आणि वर पाहावे तर आकाश नाही. ठसे लहान, सुमारे एक वीत लांबीचे. ते पाहण्यासाठी माणसाला वाकून जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की दूर राहण्याची सोय उरत नाही.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट मालिकेच्या आरंभीच आहे. दुसऱ्या ठशात फ्रेंच सैनिक संगिनींनी स्पॅनिश लोकांवर तुटून पडले आहेत. तिसऱ्यात एक स्पॅनिश मनुष्य खाली पडलेल्या सैनिकावर कुऱ्हाड उगारून उभा आहे, आणि त्या ठशाला गोयाने नाव दिले आहे ‘तेच’. अठ्ठाविसाव्यात स्पॅनिश जमाव एका पडलेल्या देहाची विटंबना करीत आहे. देश आपला, आक्रमण परक्याचे, तरीही ह्या कारागिराने आपल्या माणसांचा हात वगळला नाही. शिवाय ठसे अठ्ठेचाळीस ते चौसष्ट त्याने माद्रिदमधील १८११-१२ च्या दुष्काळाला दिले. उपासमार हेही युद्धाचेच शस्त्र आहे, हे त्याने ओळखले होते.

शंभर वर्षांनी जर्मनीतील केथे कोल्विट्झ ह्या बाईंनी रणांगणच चित्रातून काढून टाकले. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये पडला. त्याला सैन्यात जाऊ द्यावे म्हणून घरी रदबदली त्यांनीच केली होती. १९२३ च्या सुमारास त्यांची ‘युद्ध’ ही सात काष्ठठशांची मालिका बाहेर आली. लाकडाच्या ठशात कारागीर जेवढे कोरून काढतो तेवढे पांढरे राहते. न कोरलेला भाग काळा छापतो. म्हणजे उजेड हा घावातून येतो. ‘आईबाप’ ह्या ठशात दोघे एकमेकांत इतके मिसळले आहेत की एकच काळा खडक वाटावा. ‘माता’ ह्या ठशात बायका मुलांना मध्ये घेऊन, पाठी बाहेर करून, गोल उभ्या आहेत. आपल्या वाचकांस येथे स्त्रीपर्वाची आठवण होईल. व्यासांनी दिलेल्या दिव्य दृष्टीने गांधारी कुरुक्षेत्र पाहते, तेव्हा महाभारतकारही काही काळ स्वर्ग बाजूस ठेवतात आणि केवळ तळची चौकट आपल्यापुढे धरतात. तेव्हा ही दृष्टी केवळ पाश्चात्त्यांची आहे असे समजण्याचे कारण नाही.

कोल्विट्झबाईंच्या ठशांचा प्रभाव चीनमार्गे आणि थेटही भारतात पोचला. आपल्या मराठी मुलखाशी त्याचा संबंध येतो तो चित्तप्रसाद भट्टाचार्य ह्यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९१५ मध्ये बंगालमधील नैहाटी येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तेथून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरील होड्या आणि धान्य काढून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपुरास वादळाने झोडपले. १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. बंगालमध्ये मोठी रणधुमाळी न होताही युद्धाने हा बळी घेतला. चित्तप्रसाद मेदिनीपुरात पायी हिंडले आणि कुंचल्याने व शाईने त्यांनी माणसे रेखाटली. ती रेखाटने कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ ह्या साप्ताहिकात छापली गेली. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. जपून राहिलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये ते पुन्हा निघाले. एकाच्या अनेक प्रती होतात, हा ठशांचा गुण येथे असा उपयोगी पडला.

ह्या रेखाटनांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. एक माणूस, त्याच्याभोवती रिकामा कागद, आणि कित्येक ठिकाणी त्याचे नाव व गाव शेजारी लिहिलेले. वीरगळावर वीराचे नाव असते ते त्याने पराक्रम केला म्हणून; येथे नाव आहे ते हा मनुष्य होता, त्याला कोणी विसरू नये म्हणून. १९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिले. पुढे ते पक्षापासून दूर झाले, परंतु अंधेरीतील आपल्या लहानशा घरात त्यांनी अनेक वर्षे लिनोलियमवर कोरकाम केले. लिनोलियम स्वस्त, मऊ, त्यात लाकडासारखे रेषे नाहीत; छाप घ्यावयास यंत्रही लागत नाही, चमच्याच्या पाठीने कागद घासला तरी चालते. राबणाऱ्या गरीब मुलांवरची त्यांची मालिका डेन्मार्कमध्ये युनिसेफच्या समितीने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच हातांनी त्यांनी रामायणाचे प्रसंगही कोरले. १९७८ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली रेखाटावयास शिकलेले सोमनाथ होर (१९२१–२००६) ह्या मार्गाने शेवटपर्यंत गेले. चितगावकडील एका गावावर १९४२ मध्ये जपानी बाँब पडले तेव्हाचे घायाळ त्यांनी तरुणपणी पाहिले होते. १९७१ च्या सुमारास त्यांनी ‘जखमा’ ही मालिका आरंभिली. मऊ मातीच्या पाटीवर त्यांनी सुरीने चिरे दिले, भोके पाडली, तिच्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यावर कागदाचा ओला लगदा दाबला. शाई नाही, आकृती नाही. पांढऱ्यावर पांढरा व्रण, कोठे कोठे किंचित तांबूस. बिदरीचा कारागीर रेघ चांदीने भरतो, गोया शाईने भरतो. होरांनी ती रिकामी सोडली. कोण मेला आणि कोणी मारले, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. कातडी फाटली आहे एवढेच कळते.

हा सर्व विषय आम्ही आमच्या सीमाभागाच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहो. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी केलेल्या हत्याकांडात सुमारे दोनशे माणसे बळी पडली, असे सांगितले जाते. तेथे आज स्मारक उभे आहे. त्याच वर्षी १३ ते १७ सप्टेंबर ह्या दिवसांत हैदराबाद संस्थानात पोलिस कारवाई झाली, आणि तिच्या वेळी व तिच्यानंतर खेडोपाडी मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. जवाहरलाल नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल ह्यांच्या मंडळाने कारवाईच्या काळात व नंतर मेलेल्यांची संख्या किमान सत्तावीस ते चाळीस हजार अशी अंदाजिली. सर्वांत अधिक झळ पोचलेले म्हणून त्यांनी जे चार जिल्हे सांगितले, ते उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

आपण आपल्या मृतांसाठी स्मारक उभारतो, फुले वाहतो, आणि ते योग्यच आहे. वरची चौकट कोरण्याचा अधिकार दुःखिताला असतो. परंतु प्रत्येक समाज आपापला वीरगळ उभारतो तेव्हा शेजाऱ्याचा मृत त्यात नसतो. गोयाच्या ‘तेच’ ह्या ठशात जे धैर्य आहे, ते आपल्या ह्या मुलखाला हवे आहे. देवळात जाणारा मनुष्य रोज मृत्यूचे आणि दयेचे नाव घेतो. त्याला हे धैर्य इतरांपेक्षा कठीण वाटू नये.

कोण्या तरुणाने बीदरच्या कारागिराकडून टाकी धरावयास शिकावे आणि १९४८ चे ते वर्ष पत्र्यावर वा लिनोलियमवर कोरावे, असे आम्हांस मनापासून वाटते. त्याने मारेकऱ्याचा पोशाख दाखवू नये, त्याचा धर्म दाखवू नये. गुडघे टेकलेली माणसे दाखवावीत आणि शेजारी त्यांची नावे व गावे लिहावीत. आणि तोवर आपण पुन्हा देवळापाशी गेलो, तर त्या शेंदूर लावलेल्या शिळेच्या तळाशी पडलेल्या माणसाकडेही थोडा वेळ पाहावे, आणि मग दृष्टी वर न्यावी.